जहाजी कागदपत्रे आणि बँकेची जबाबदारी : जोखमी हुंडीपासून आजपर्यंत

निर्यात व्यापाराशी संबंध येणाऱ्या कोणत्याही सरकारी कार्यालयात एका प्रकारचे अर्ज वारंवार येतात. कधी अर्जदार तिरुपूरचा होजिअरीवाला असतो, कधी मुरादाबादचा पितळी भांड्यांचा कारखानदार, तर कधी कोचीचा मसाल्याचा व्यापारी. मजकूर मात्र थोड्याफार फरकाने एकच असतो : मी माल जहाजावर चढविला, कागदपत्रे बँकेमार्फत पाठविली, परदेशी ग्राहकाने पैसे दिले नाहीत, तरी ते बँकेकडून वसूल करून मिळावेत. व्यवहारात बँक मध्ये होती, म्हणजे बँक जबाबदार, असा त्यामागचा सरळ तर्क असतो.

हा तर्क कायद्याला धरून नाही. पण तो वेडगळही नाही. मध्यस्थाने काहीतरी जोखीम पत्करलेली असणारच, ही समजूत आपल्या व्यापारी परंपरेत खोल रुजलेली आहे. आंतरराष्ट्रीय वसुलीच्या व्यवहारात बँकेने ती जोखीम आपल्या अंगावरून कशी दूर केली, आणि सगळे दूर सारल्यावर तिच्याकडे नेमके काय उरले, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

जोखीम कोणाची?

आपल्याकडे हुंडीचे अनेक प्रकार होते. दर्शनी आणि मुदती हुंडी बहुतेकांना ऐकून ठाऊक असते. त्यांच्याच जोडीला पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापारात जोखमी हुंडी नावाचा एक प्रकार होता. माल गलबतावर चढविणारा व्यापारी ती लिही. तिची अट अशी की माल मुक्कामी सुखरूप पोहोचला तरच रक्कम देय व्हायची. गलबत बुडाले की हुंडीही बुडाली. म्हणजे ही हुंडी विकत घेणारा सराफ एकाच वेळी पैसे पुरविणारा आणि विमा उतरविणारा असे. समुद्राची जोखीम त्याची असल्यामुळे माल काय आहे, गलबत कोणते आहे, तांडेल कसा आहे, याची चौकशी त्याला करावीच लागे.

हुंडी न स्वीकारली गेली तर काय, याचीही सोय होती. हुंडीसोबत जिकरी चिठ्ठी दिली जाई. मूळ पेढीने नकार दिला तर त्याच गावातील दुसऱ्या एखाद्या आसामीने हुंडीचा मान राखावा, अशी विनंती त्या चिठ्ठीत असे. हा सारा व्यवहार माणसांच्या ओळखीवर आणि पेढीच्या अब्रूवर चाले.

एकोणिसाव्या शतकात मुंबई-कलकत्त्याचा परदेशी व्यापार ज्या बँकांच्या हाती गेला, त्यांची रीत वेगळी होती. मुंबईत १८४२ मध्ये बँक ऑफ वेस्टर्न इंडिया या नावाने निघालेली आणि पुढे ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन झालेली बँक, १८५३ मध्ये स्थापन झालेली चार्टर्ड बँक आणि त्यांच्यासारख्या इतर बँकांना ‘एक्स्चेंज बँका’ म्हणत. इलाख्यांच्या बँकांना परकीय हुंड्यांच्या व्यवहाराची मनाई असल्यामुळे या क्षेत्रात त्यांना जवळजवळ मोकळे रान मिळाले. इंपीरियल बँकेवरील हे बंधनदेखील १९३४ च्या दुरुस्तीनंतरच उठले. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या केंद्रीय बँकिंग चौकशी समितीसमोर भारतीय व्यापाऱ्यांनी एक्स्चेंज बँकांच्या भेदभावाबद्दल तक्रारी मांडल्या होत्या.

या बँका समुद्राची जोखीम घेत नसत. ती विमा कंपन्यांवर सोपविलेली होती. ग्राहकाच्या दिवाळखोरीची जोखीमही त्या शक्यतो घेत नसत. त्यांच्या व्यवहाराचा पाया माणसाच्या ओळखीपेक्षा कागदावर जास्त होता, आणि तो कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग.

गोदामाची किल्ली

बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर घेतल्याची जहाज कंपनीने दिलेली पावती. पण ती केवळ पावती नव्हे. लंडनमध्ये १७८७ ते १७९४ या काळात गाजलेल्या लिकबॅरो विरुद्ध मेसन या खटल्यात असे प्रस्थापित झाले की व्यापाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे हा कागद पाठीमागे सही करून दुसऱ्याला देता येतो आणि त्याबरोबर मालावरील हक्कही जातो. पुढे १८८३ मध्ये न्यायाधीश बोवेन यांनी त्याला तरंगत्या गोदामाच्या किल्लीची उपमा दिली. माल समुद्रावर असताना तो ताब्यात देता येत नाही. पण किल्ली देता येते. भारतात याविषयीचा कायदा १८५६ मध्ये झाला. तो पावणेदोनशे वर्षांच्या आसपास टिकला आणि २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला.

किल्ली आली म्हणजे ती सांभाळणारा विश्वासू माणूसही लागतो. विकणारा मुंबईत, घेणारा लिव्हरपूलला. किल्ली आधी द्यायची की पैसे आधी घ्यायचे? या कोंडीतून बँकेची भूमिका जन्मली. निर्यातदार आपल्या बँकेला हुंडी, बीजक, विमापत्र आणि बिल ऑफ लेडिंग देतो. ती बँक ही कागदपत्रे ग्राहकाच्या गावातील बँकेकडे पाठविते. तेथे ग्राहकाने पैसे भरले तर कागद त्याच्या हाती पडतात. या अटीला व्यवहारात डी.पी. म्हणतात. किंवा त्याने मुदती हुंडीवर स्वीकृतीची सही केली तर कागद मिळतात आणि पैसे मुदतीला येतात; ही डी.ए. अट. यात बँक पैसे देण्याची हमी घेत नाही, आणि हमी नसल्यामुळेच पतपत्राच्या तुलनेत हा व्यवहार स्वस्त पडतो. अर्जदारांच्या नजरेतून निसटते ते नेमके हेच.

कागदांच्या हस्तांतरणाला किती वजन आहे, हे पाहायचे तर सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा म्हैसूर क्रोमाइट कंपनीचा निकाल पाहावा. म्हैसूर संस्थानातील खाणींचे क्रोम खनिज ही कंपनी मद्रास बंदरातून परदेशी पाठवी. बिल ऑफ लेडिंग कंपनीच्या स्वतःच्या नावे असे. हुंडी आणि कागदपत्रे मद्रासला ईस्टर्न बँकेकडे दिली जात आणि लंडनमध्ये पैसे चुकते झाल्यावर ती तेथे ग्राहकाकडे जात. प्रश्न प्राप्तिकराचा होता : विक्री झाली कोठे? करखात्याचे म्हणणे, मद्रासला. न्यायालयाने सांगितले की हुंडी लंडनमध्ये चुकती होऊन कागद दिले जाईपर्यंत मालकी कंपनीचीच होती. म्हणून विक्री ब्रिटिश भारताबाहेर झाली. माल मद्रासहून हलला, महासागर ओलांडून गेला, पण मालकी हलली ती लंडनच्या एका बँकेच्या खिडकीवर. त्या खिडकीवरील कारकुनाच्या हाताला केवढे महत्त्व आहे, ते यावरून कळते.

तीन खटले

मग या कारकुनाची जबाबदारी किती? ती ज्या खटल्यांतून घडत गेली, त्यांपैकी तीन महत्त्वाचे आहेत. तिन्हींत नुकसान झाले ते खरेच होते. प्रश्न एवढाच होता की ते कोणी सोसायचे.

पहिला कापसाचा. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील नाइट, यान्सी आणि कंपनी या पेढीने बनावट बिल ऑफ लेडिंग तयार करून युरोपातील खरेदीदारांवर हुंड्या काढल्या. १९१० मध्ये पेढी बुडाली तेव्हा कळले की अनेक कागदांमागे कापूस नव्हताच. लिव्हरपूलच्या हॅने कंपनीच्या व्यवहारात कागद सादर करून पैसे घेणारी बँक न्यूयॉर्कची गॅरंटी ट्रस्ट होती. पैसे परत मागण्याचा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात गेला. १९१८ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला : बँक हुंडीसोबत कागद सादर करते म्हणून ती त्यांच्या खरेपणाची हमी देते असे होत नाही. विक्रेता निवडला तो खरेदीदाराने. त्याच्या लबाडीचा भार बँकेवर टाकता येणार नाही.

दुसरा सुती कापडाचा. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनने बैरूतला कापड पाठविले. (‘कॅलिको’ हे नाव आपल्या कालिकतवरून पडलेले, ज्या कापडासाठी युरोपीय भारतात आले, ते आता मँचेस्टरहून निघत होते.) कागद बार्कलेज बँकेमार्फत तेथील अँग्लो-पॅलेस्टाइन कंपनीकडे गेले. ग्राहकाने कागद उचलले नाहीत तर माल गोदामात ठेवून त्याचा विमा उतरवावा, अशी सूचना होती. तेथील बँकेने विमा उतरविला नाही आणि माल आगीत जळाला. १९३१ मध्ये लागलेला निकाल निर्यातदाराच्या दृष्टीने कठोर होता. बार्कलेजला तिच्या अर्जावरील जबाबदारी नाकारणाऱ्या कलमाने वाचविले; आणि बैरूतच्या बँकेशी निर्यातदाराचा थेट करारच नव्हता, म्हणून तीही सुटली. चूक उघड होती, नुकसान उघड होते. पण ते भरून देणारा कोणी नव्हता.

तिसरा सायकलींच्या भागांचा. इंग्लंडच्या रॅम्बलर सायकल कंपनीने सिंगापूरच्या ग्राहकाला माल पाठविला. कागद वसुलीसाठी बँकेत सुरक्षित पडून होते. पण ग्राहकाने दुसऱ्या एका बँकेचे हमीपत्र जहाज कंपनीच्या प्रतिनिधीला देऊन बिल ऑफ लेडिंगशिवायच माल सोडवून नेला. १९५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जहाज कंपनीला जबाबदार धरले. किल्लीशिवाय गोदाम उघडणारा स्वतःच्या जोखमीवर उघडतो, हा त्याचा अर्थ. या वेळी निर्यातदाराला दाद मिळाली, परंतु बँकेकडून नव्हे. कागद सांभाळणाऱ्या बँकेने आपले काम केलेले होते.

हा तिसरा धोका आज कमी न होता वाढला आहे. न्हावा शेवाहून निघालेले कंटेनर जहाज दुबईच्या जेबेल अलीला काही दिवसांतच पोहोचते. कागद मात्र बँकेच्या टपालात असतात. माल पुढे आणि किल्ली मागे, ही स्थिती आली की कुलूप तोडण्याचा मोह वाढतो.

पॅरिसचे नियम

पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने (आय.सी.सी.) १९५६ मध्ये वसुलीचे एकसमान नियम प्रथम प्रसिद्ध केले. १९६७ आणि १९७८ मध्ये त्यांची सुधारणा झाली. सध्या चालू असलेले नियम १९९५ चे आहेत, ‘यू.आर.सी. ५२२’ या नावाने ओळखले जाणारे हे नियम १ जानेवारी १९९६ पासून अमलात आले. हा कायदा नव्हे. वसुली-सूचनेत त्यांचा उल्लेख केला की ते करार म्हणून लागू होतात. पण आज जगभरच्या बँकांच्या छापील अर्जांवर तो उल्लेख असतोच, आणि निर्यातदार न वाचता त्याखाली सही करतो.

हे नियम वाचताना वरचे खटले त्यांच्या ओळींमागे दिसू लागतात. कागदांच्या स्वरूपाची, पुरेपणाची, खरेपणाची वा कायदेशीर परिणामाची जबाबदारी बँकेची नाही, असे तेरावे कलम म्हणते. हा कापसाच्या निकालाचाच सूर. मालाची साठवण किंवा विमा करण्यास बँक बांधील नाही, तशी स्पष्ट सूचना असली तरीही नाही, असे दहावे कलम सांगते. येथे बैरूतच्या आगीची धग जाणवते. दुसऱ्या बँकेची सेवा घेतली जाते ती निर्यातदाराच्या खर्चाने आणि जोखमीवर, हे अकरावे कलम. आपल्या १८७२ च्या करार कायद्यानुसार (कलम १९२) प्रतिनिधीने नेमलेल्या उपप्रतिनिधीच्या कृत्याला मूळ प्रतिनिधी जबाबदार असतो. पण छापील अर्जावरील सही त्या संरक्षणाला बरेचसे दुबळे करते.

एवढे नाकारल्यावर उरते काय? थोडेच, पण ते पक्के आहे. बँकेने सद्भावाने आणि वाजवी काळजीने वागले पाहिजे (कलम ९). यादीत लिहिलेले कागद प्रत्यक्षात मिळाले आहेत का, हे मोजून पाहिले पाहिजे आणि काही कमी असेल तर विनाविलंब कळविले पाहिजे (कलम १२). कागद सूचनेप्रमाणेच सोडले पाहिजेत, आणि डी.पी. की डी.ए. हे सूचनेत स्पष्ट नसेल, तर पैसे घेतल्याशिवाय सोडता कामा नयेत (कलम ७). वसूल झालेले पैसे अडकवून ठेवता कामा नयेत (कलम १६). नकार आला तर तो विनाविलंब कळवून पुढील सूचना मागितली पाहिजे. साठ दिवसांत सूचना न आल्यास ती कागद परत पाठवून मोकळी होऊ शकते (कलम २६).

म्हणजे बँक मालाची राखणदार नाही आणि ग्राहकाची जामीनही नाही. ती किल्लीची राखणदार आहे. पैसे न घेता तिने किल्ली दिली, तर कोणतेही बचावाचे कलम तिला सहजासहजी वाचवू शकत नाही. सारी जबाबदारी या एका बिंदूवर येऊन ठेपते. मालाबद्दल बँकेला दोष देणारा अर्ज म्हणून निष्फळ ठरतो. ‘कागद कोणत्या तारखेला, कोणत्या अटीवर, कोणाला दिले?’ असे विचारणारा अर्ज मात्र तिला उत्तर द्यायला भाग पाडतो.

जुन्या जिकरी चिठ्ठीची आठवण करून देणारी एक तरतूद या नियमांतही आहे. ग्राहकाने नकार दिल्यास त्या गावातील कोणाकडे जावे, त्याचे नाव निर्यातदाराला सूचनेत देता येते (कलम २५). पण त्या व्यक्तीचे अधिकार स्पष्टपणे लिहिलेले नसतील तर बँक तिचे काही ऐकणार नाही. पूर्वी जेथे नावाच्या अब्रूवर भागत असे, तेथे आता अधिकार शब्दांत मांडावा लागतो.

बँकेचा दुसरा धनी

आतापर्यंतची कथा इंग्लंडची वा पॅरिसची वाटेल. भारतात तिला एक वेगळेच वळण मिळाले. महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये परकीय चलनावर नियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने ते पुढे चालू राहिले, १९७३ च्या कायद्याने अधिक कडक झाले, आणि १९९९ चा ‘फेमा’ १ जून २००० पासून लागू झाल्यावर सैल झाले; संपले मात्र नाही. या साठ वर्षांत निर्यातीची कागदपत्रे बँकेमार्फत पाठविणे ही केवळ व्यापाऱ्याची सोय राहिली नाही, ते त्याचे कर्तव्य झाले. माल गेला की ठरलेल्या मुदतीत, २०१५ च्या नियमांप्रमाणे एकवीस दिवसांत, कागद अधिकृत बँकेकडे द्यायचे. आणि ठरलेल्या मुदतीत पैसे देशात आणायचे. ही दुसरी मुदत कधी सहा महिने, कधी बारा, कधी नऊ अशी बदलत गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती नऊवरून पंधरा महिन्यांवर नेण्यात आली.

यामुळे खिडकीवरील त्या कारकुनाला दोन धनी झाले. एकीकडे तो निर्यातदाराचा प्रतिनिधी, आणि दुसरीकडे सरकारचा डोळा. पहिल्या नात्यात पैसे न आल्याचा दोष त्याच्याकडे येत नाही. दुसऱ्या नात्यात तोच पैसे न आल्याची नोंद करून वर कळवितो. २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्यातीच्या नोंदींची संगणकीय प्रणाली सुरू केली. २०१६ पासून दोन वर्षांहून अधिक काळ वसुली न झालेल्या निर्यातीमुळे निर्यातदाराचे नाव आपोआप सावधगिरीच्या यादीत जाऊ लागले. नाव यादीत गेले की पुढचा माल आगाऊ रक्कम किंवा पतपत्र असेल तरच पाठविता येई. परदेशी ग्राहकाने फसविलेला छोटा निर्यातदार अशा रीतीने दोनदा मारला जाई : पैसेही गेले आणि धंदाही अडला. ऑक्टोबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने ही आपोआप होणारी नोंद बंद केली आणि निर्णय पुन्हा बँकेच्या शिफारशीशी जोडला. प्रशासनाच्या दृष्टीने मला हा बदल मोलाचा वाटतो. नोंद यंत्राने करावी. दोष कोणाचा, हे ठरवायला माणूस हवा.

करण्यासारखे काय आहे?

बँकेवर अधिक जबाबदारी लादावी, असे मी म्हणणार नाही. जोखीम वाढली की शुल्क वाढेल आणि ज्या छोट्या निर्यातदारासाठी आपण बोलतो, त्यालाच हा मार्ग महाग होईल. पण जबाबदारी कोठे संपते, हे त्याला वेळेवर आणि त्याच्या भाषेत सांगण्याचा खर्च फारसा नाही. वसुलीच्या अर्जासोबत प्रादेशिक भाषेत एक पान जोडता येईल. त्यावर चार-पाच गोष्टी असाव्यात. डी.ए. अटीवर कागद सोडल्यावर निर्यातदाराच्या हाती केवळ सहीची हुंडी उरते. विमानाच्या मालवाहतूक पावतीला मालकीच्या कागदाचे स्वरूप नसते. ग्राहकाच्या थेट नावे विमानाने माल पाठविला तर बँकेकडे दाखविण्यापुरतेही कुलूप नसते, आणि बँकेच्या नावे पाठवायचा तर तिची संमती आधी घ्यावी लागते. ग्राहकाने माल उचलला नाही तर बंदरातील भाडे चढत जाते. आपल्याच सीमाशुल्क कायद्यात (१९६२, कलम ४८) उतरविल्यापासून तीस दिवसांत न सोडविलेला माल नोटीस देऊन विकता येतो, आणि परदेशांतही असे कायदे असतात. नकाराची बातमी आली की साठ दिवसांचे घड्याळ चालू होते. आणि ग्राहकाच्या पतीची खरी जोखीम घेणारी संस्था वेगळी आहे. भारतात निर्यात पतहमीसाठी १९५७ पासून शासकीय संस्था आहे आणि आज ती ई.सी.जी.सी. या नावाने ओळखली जाते.

इंग्लंडने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारी कागदपत्रांना कायद्याने मान्यता दिली आणि आय.सी.सी.ने २०१९ मध्ये वसुलीच्या नियमांना इलेक्ट्रॉनिक पुरवणी जोडली. उद्या किल्ली कागदाची न राहता संगणकातील नोंद होईल. टपालाचा उशीर टळेल. तरी पैसे घेतल्याशिवाय ती देऊ नये, हा नियम तसाच राहील आणि तो पाळणारा कोणीतरी लागेलच.

जोखमी हुंडी घेणारा सराफ गलबताची काळजी करी, कारण गलबत बुडाले तर त्याचे पैसे बुडत. आजची बँक गलबताची काळजी करीत नाही, आणि तसे तिने आपल्याला लेखी कळविलेलेही असते. ते लेखी कळविणे निर्यातदाराने माल चढविण्यापूर्वी वाचावे, निदान कोणीतरी त्याला वाचून दाखवावे, एवढी व्यवस्था करणे हे प्रशासनाच्या आवाक्यातले काम आहे.